अडणारा संगणक : घरच्या घरी करावयाची तपासणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी "सभासदांच्या घरी उपयोगी पडेल असे काही लिहा" अशी आज्ञा केली, तेव्हा विषयासाठी आम्हांला फार लांब जावे लागले नाही. आपल्या ट्रस्टच्या पुष्कळ सभासदांच्या घरी आता संगणक आहे. कोणाचा मुलगा बेंगळुरूहून नवा घेऊन आला, कोणी बेळगावात जुना विकत घेतला, कोणाला कचेरीतून मोडीत निघालेला मिळाला. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज, दुकानाचा हिशेब, लग्नाचे फोटो, सारे त्यात साठविलेले असते. आणि रस्त्यात पालक भेटले की प्रकृतीची चौकशी पुरी होण्यापूर्वीच प्रश्न येतो, "सर, आमचा कॉम्प्युटर मध्येच हँग होतोय, काय करायचं?"

या 'मध्येच' शब्दात सारी अडचण साठली आहे. जो संगणक मुळीच सुरू होत नाही त्याचा दोष शोधणे सोपे, कारण तो दोष पळून जात नाही. पण जो चार दिवस उत्तम चालतो, पाचव्या दिवशी अडेल बैलासारखा जागीच उभा राहतो आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला की शहाण्या मुलासारखा वागतो, त्याचे काय करावे? हिवतापाच्या रोग्याचे असेच असते. थंडी वाजून ताप येतो, घाम येऊन उतरतो, आणि वैद्यापुढे रोगी हसतमुखाने बसतो. चांगला वैद्य म्हणूनच आधी औषध देत नाही. ताप केव्हा येतो, किती वेळ राहतो, एक दिवसाआड येतो की रोज, हे विचारतो. आपणांसही तेच करावयाचे आहे.

प्रथम 'हँग' या शब्दाखाली लोक तीन निरनिराळ्या गोष्टी मोडतात, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिला प्रकार असा की एखादाच कार्यक्रम अडतो, बाकी सारे चालू असते. हा दोष बहुधा त्या कार्यक्रमाचा. दुसरा प्रकार असा की माउसचा बाण हलतो, पण कोठेही दाबले तरी काही घडत नाही, हार्डडिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला असतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी दाबलेल्या साऱ्या गोष्टी एकदम धडाधड उघडतात. येथे संगणक मेलेला नसून कशाची तरी वाट पाहत असतो. तिसरा प्रकार खऱ्या थिजण्याचा. पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे राहते, बाण हलत नाही, घड्याळाचा काटा पुढे जात नाही, गाणे चालू असेल तर एकच सूर घरघरत राहतो.

तिसऱ्या प्रकाराची खात्री करण्याची एक साधी युक्ती आहे. कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा पेटतो-विझतो का ते पाहावे. पेटत असेल तर आतले यंत्र अजून ऐकत आहे, कदाचित केवळ चित्र दाखविणारा भाग अडला आहे. अशा वेळी विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्यास चित्राचा भाग नव्याने सुरू होतो व पुष्कळदा काम वाचते. दिवा मुळीच बदलत नसेल तर सारे थांबले आहे असे समजावे आणि चालू करण्याचे बटण दहाएक सेकंद दाबून धरून बंद करावे. भिंतीवरचे बटण खटकन बंद करण्याची सवय मात्र वाईट. ती आमच्या पाहण्यात फार घरी आहे.

आता तपासणीपूर्वीची एक गोष्ट, जी आम्ही विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. काहीही उघडण्यापूर्वी, पुसण्यापूर्वी, दुकानात नेण्यापूर्वी फोटो, हिशेब, प्रमाणपत्रांच्या प्रती हे सर्व बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. यंत्र पैशाने पुन्हा मिळते. वारलेल्या माणसाचा फोटो मिळत नाही.

त्यानंतर एक वही करावी. अडणे घडले की तारीख, वेळ, संगणक सुरू करून किती मिनिटे झाली होती, काय काम चालू होते, त्या क्षणी घरात दुसरे कोणते विजेचे यंत्र चालू झाले, हवा दमट होती की कोरडी, एवढे लिहावे. लोकांस हे पोरकट वाटते. परंतु स्मरणशक्तीवर विसंबून माणूस म्हणतो, "सारखाच अडतो," आणि वही सांगते की आठवड्यात पाच वेळा, आणि पाचही वेळा दुपारी. संगणक स्वतःही अशी एक वही ठेवतो. विंडोजच्या शोधपेटीत 'रिलायबिलिटी' हा शब्द लिहिला की दिवसवार आलेख निघतो व बिघाडाच्या दिवशी तांबडी फुली दिसते. याहून सविस्तर नोंद 'इव्हेंट व्ह्यूअर' मध्ये मिळते. तेथे 'कर्नल पॉवर, ४१' अशी नोंद पाहून पुष्कळ जण वीजपुरवठ्याचा भाग बदलून बसतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. का झाले नव्हते ते ती सांगत नाही. 'डिस्क' या नावापुढे ७ क्रमांकाची नोंद असेल तर मात्र डिस्कवर खराब जागा आहे असे समजावे.

बाहेरून घडणाऱ्या कारणांत आपल्या भागात पहिला मान धुळीचा व उष्णतेचा. उष्णता हा संगणकाचा जन्मापासूनचा शत्रू आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक काम करू लागला, त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. त्यांची धग काढून टाकणे हेच एक मोठे काम होते. आजच्या चिपमध्ये नळ्या नाहीत, पण नखाएवढ्या जागेत इतकी वीज खर्च होते की वरचा पंखा थांबला तर थोड्याच वेळात ती तव्यासारखी तापते. साधारणपणे काम चालू असता ६० ते ८० अंश सेल्सिअस ठीक. ९० च्या पुढे सतत जाऊ लागले तर शंका घ्यावी. शंभराच्या आसपास चिप आपणच आपला वेग कमी करते, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पाडते. तिच्या शेजारचे भाग मात्र इतके शहाणे नसतात, ते तापले की यंत्र थिजते.

बेळगाव-निपाणीकडची धूळ एका जातीची नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वडगाव, खासबागेकडे मागांचा कापसाचा तंतू उडतो. तो पंख्याच्या पात्यांवर दिसत नाही, पात्यांखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत जाऊन रजईसारखा थर धरतो. वरून पाहणारा म्हणतो, "स्वच्छ आहे." पंखा काढल्याशिवाय तो थर दिसत नाही. उद्यमबागेच्या आसपास फौंड्रीची बारीक काळी धूळ, तीत लोखंडाचा अंश, आणि लोखंड वीज वाहून नेते. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळच्या घरांत तंबाखूची भुकटी. ती पावसाळ्याच्या दमट हवेत चिकट होऊन बसते व नुसत्या फुंकरीने निघत नाही. त्यात आपल्या आयाबहिणी प्रेमाने संगणकावर भरतकामाचा अभ्रा घालतात. अभ्रा घालावा, पण यंत्र बंद करून थंड झाल्यावर. चालू यंत्रावर तो घालणे म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या तोंडावर रुमाल बांधणे होय.

साफ करण्याची रीत येणेप्रमाणे. वायर काढावी, मग चालू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून आत उरलेली वीज जिरू द्यावी. डब्याच्या उघड्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. अंगणात नेऊन ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ काढावी, आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याने तो भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग जाते. घर झाडण्याचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या नळीने स्थिर वीज तयार होते. चिप आणि पट्ट्या यांच्यामधला लेप काही वर्षांनी वाळून खडूसारखा होतो. तो स्पिरिटने पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढा नवा लेप लावावा. अधिक लावल्याने अधिक थंडावा मिळतो ही समजूत चुकीची आहे. आणि वीजपुरवठ्याचा चौकोनी डबा, ज्यास कारागीर एसएमपीएस म्हणतात, तो घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्याच्या आत जीवघेणा दाब उरलेला असू शकतो.

निपाणीतील एका विद्यार्थिनीच्या घरची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, मुलगी बारावीत, घरी आठ वर्षांचा जुना संगणक. शिष्यवृत्तीचा अर्ज तीन वेळा अर्धा भरला आणि तिन्ही वेळा यंत्र थिजले. मुदतीला पंधरा दिवस उरले होते. एका दुकानदाराने यंत्र न उघडताच "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या" असे सांगून टाकले होते. आई आम्हांला म्हणाली, "पाटल्या ठेवून पैसे उचलतो सर, पण पोरीचं शिकणं अडायला नको." आम्ही प्रथम अर्ज दुसऱ्याच दिवशी शाळेतील संगणकावर भरवून घेतला. मुदतीचे काम आणि दुरुस्तीचे काम यांची गाठ कधी मारू नये. नंतर मुलीच्या हाती वही दिली.

आठ दिवसांत तेरा नोंदी झाल्या. तिला आम्ही त्या वेळेप्रमाणे मांडावयास सांगितल्या. नऊ नोंदी दुपारी दोन ते पाचच्या दरम्यानच्या, प्रत्येक वेळी यंत्र सुरू करून अर्धा तास उलटल्यावरच्या. राहिलेल्या चार मात्र कोठेच बसेनात. एक तर सकाळी सहा वाजता, सुरू केल्यापासून पाच मिनिटांत. मुलगी म्हणाली, "सर, या चार चुकून लिहिल्या असतील." आम्ही म्हटले, त्या चारच जपून ठेव. एका दोषाने तेराही नोंदींचा उलगडा होत नसेल तर दोष दोन असू शकतात, हा विचार शाळेतल्या मुलालाच काय, पुष्कळ कारागिरांनाही सुचत नाही.

डबा टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवलेला, मागे वखारीकडची खिडकी. आत चिकट तपकिरी थर. साफ केला, लेप बदलला, डबा भिंतीपासून वीतभर पुढे घेतला. पुढील तीन दिवस दुपारचे अडणे एकदम थांबले. पण दोन वेळा अवेळी थिजलाच. घरचे निराश झाले. आम्हांला मात्र ही खूण चांगली वाटली, कारण आता एकच दोष उरला होता.

तो दोष स्मृतीचा, म्हणजे ज्यास रॅम म्हणतात त्या पट्टीचा निघाला. रॅमचे काम समजण्यास एक आकडा पुरे. टिफ्रॅकच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिट मावत. आजच्या ८ जीबीच्या पट्टीत ६,८०० कोटींहून अधिक बिट असतात. त्यांपैकी एखादाच घर सोडून वागला आणि नेमकी त्याच जागी महत्त्वाची सूचना लिहिली गेली, की यंत्र थिजते. त्या जागी एखाद्या फोटोचा ठिपका असेल तर कोणास पत्ताही लागत नाही. हे अडणे अवेळी का येते याचे कारण हेच. या व्याधीवर उपाय शोधणारा रिचर्ड हॅमिंग हा अमेरिकन गणिती. बेल प्रयोगशाळेतील यंत्रावर तो शनिवार-रविवारी गणिते लावून जाई. यंत्राला आतील चूक सापडे आणि ते गणित टाकून पुढे जाई, सोमवारी उत्तर मिळत नसे. चूक ओळखता येते तर यंत्राने ती सुधारावी का नाही, या त्राग्यातून त्याने चूक सुधारणारी संकेतपद्धती काढली व १९५० साली प्रसिद्ध केली. मोठ्या कचेऱ्यांच्या सर्व्हर यंत्रांत या जातीची स्मृती असते. बहुतेक घरगुती संगणकांत ती नसते, म्हणून आपणांस पट्टी पारखावी लागते.

पारख अशी. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नॉस्टिक' नावाची चाचणी आहे, तीहून कसोशीची 'मेमटेस्ट' पेनड्राइव्हवरून चालते. ती रात्रभर चालू द्यावी. एकही चूक दाखविली तर पट्टी नापास. चूक न दाखविल्यास मात्र पट्टी निर्दोष ठरत नाही, एवढेच की त्या रात्री दोष सापडला नाही. पुष्कळदा पट्टी चांगली असते आणि तिचे सोनेरी दात पावसाळ्यात मळलेले असतात. ते स्वच्छ खोडरबराने हलके घासून, कण पूर्ण झटकून पट्टी पुन्हा नीट बसवावी. निपाणीच्या घरी दोन पट्ट्या होत्या. एक काढून दोन दिवस चालविला, अडला नाही. ती काढून दुसरी घातली, त्याच रात्री अडला. येथे घाईने निर्णय करण्याचा मोह होतो, पण दोष पट्टीचा की ती बसते त्या खाचेचा? चांगली पट्टी संशयित खाचेत घातली. आठवडाभर यंत्र सुरळीत चालले. खाच सुटली, पट्टी सापडली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा विज्ञानाच्या पुस्तकातील नियम त्या मुलीला कोणी पाठ करावयास सांगितला नव्हता, तिने तो स्वयंपाकघराच्या दाराशी बसून वापरला. लेप आणि जुनी पट्टी एवढ्याच खर्चात काम भागले. पाटल्या हातात राहिल्या.

दुसऱ्या प्रकारचे अडणे, ज्यात बाण हलतो पण काम होत नाही, त्याचे कारण बहुधा डिस्क. जुन्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. एखादी जागा वाचता आली नाही तर डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि तोवर सारा संगणक दारात ताटकळत राहतो. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद आपणच ठेवते. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' सारख्या मोफत साधनाने ती वाचता येते. 'रिॲलोकेटेड' व 'पेंडिंग' सेक्टर या दोन ओळींतील आकडे दर आठवड्यास वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरत आले. अशा वेळी दुरुस्तीची आज्ञा चालवू नये. आधी प्रत उतरवावी. मरणपंथास लागलेल्या डिस्ककडून तपासणीची मेहनत करून घेतल्यास ती मध्येच जाते. आकडे चांगले असूनही डिस्क नेहमी शंभर टक्के गुंतलेली दिसत असेल तर रॅम अपुरी पडत आहे. ४ जीबीवर आजचे विंडोज चालविणाऱ्यांची ही नित्याची तक्रार आहे. तबकडीऐवजी एसएसडी बसविल्यास जुने यंत्रही तरतरीत होते. पदरी थोडेच पैसे असतील तर आम्ही ते प्रथम येथे खर्च करू.

विजेविषयी थोडेच सांगावयाचे आहे. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. संगणकाच्या आत त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट होतात. यांपैकी १२ चा आकडा ११.४ च्या खाली किंवा १२.६ च्या वर जाऊ नये. शेजारी माग, बोअरची मोटार किंवा वेल्डिंग यंत्र सुरू होताच दिवा मंदावतो आणि त्याच क्षणी संगणक अडतो, अशी वहीत नोंद असेल तर दोष आतला नसून बाहेरचा आहे, व त्यास यूपीएस हा उपाय. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत निकामी होते, आणि घरचे लोक तिच्यावर भरवसा ठेवून बसतात. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्याची जुनी चाल उगाच पडलेली नाही. माती कोरडी झाली की वीज जमिनीत नीट जात नाही. जुन्या मदरबोर्डवरील उभ्या नळकांड्यांची टोके फुगलेली दिसली तर तो बोर्ड थकला.

यंत्र की कार्यक्रम, असा वाद पडला तर एक प्रयोग निर्णायक ठरतो. लिनक्स पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करावा व तासन्‌तास वापरावा. तेथेही थिजला तर दोष यंत्राचा. तेथे दिवसच्या दिवस चालला आणि विंडोजमध्ये अडला तर शोध डिस्कमध्ये किंवा कार्यक्रमांत करावा. 'सेफ मोड' मध्ये अडत नसेल तर नुकताच घातलेला एखादा कार्यक्रम किंवा ड्रायव्हर संशयित. दोन अँटीव्हायरस एकाच घरात ठेवल्यास ते चोर सोडून एकमेकांशीच झगडतात, एक काढावा. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आहे, यास्तव ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसत नाही तेथे लिनक्स कायमचे घालण्याचा विचार करावा. मुले ते चार दिवसांत शिकतात. मोठ्यांस महिना लागतो, पण लागतो एवढाच.

एवढे करूनही दोष सापडला नाही तर दुकानात जावे, पण "हँग होतोय" एवढेच सांगून यंत्र ठेवून येऊ नये. वही बरोबर न्यावी. काय तपासले, काय बदलले, कशाने फरक पडला नाही, हे एका कागदावर लिहून द्यावे. चांगला कारागीर ते पाहून खूश होतो, आणि दुसऱ्या जातीचा सावध होतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. विशेषतः जुनी हार्डडिस्क दुकानात किंवा भंगारवाल्याकडे तशीच जाऊ देऊ नये. तीत घरातल्या सर्वांचे आधार, बँकेचे कागद व फोटो असतात, आणि पुसले म्हणजे ते जातातच असे नाही. तिची तबकडी खिळ्याने भोसकून मगच ती भंगारात द्यावी.